पंखा धरणारी

"सर, तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, आणि गोलात बसलेले सगळे शिक्षक त्यांच्याकडे वळून बघू लागले.

सरांनी घसा साफ केला. इतिहास शिकवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. मुलं पाठीमागे त्यांना 'सनावळी' म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं तर मनातून आवडतही होतं. पण इथं सनावळ्यांचं काम नव्हतं. मुलं घरी जे बघतात, ऐकतात, गुणगुणतात, ते वर्गात कसं वापरायचं, असा या कार्यशाळेचा विषय होता. मालिका, सिनेमाची गाणी, चित्रकथा, कार्टून, काहीही चालेल. संग्रहालयातली एक वस्तू घ्यायची, मुलांच्या आवडीचं काहीतरी घ्यायचं आणि दोन्हींची सांगड घालून धडा बसवायचा. मुख्याध्यापिकांनी त्यांना मुद्दाम पाठवलं होतं. "जरा बदल होईल तुम्हाला," त्या म्हणाल्या होत्या. बायको गेल्यापासून सगळेच त्यांच्याशी असं जपून बोलत.

बाकीच्यांनी धमाल उडवून दिली होती. एका तरुण शिक्षिकेनं सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर धातूंची नावं म्हणून दाखवली. शेजारच्या खेळाच्या सरांनी जुनी ढाल आणि कार्टूनमधला उडता वीर एकत्र करून अख्खा गट खुर्च्यांभोवती पळवला होता. अजून ते धापा टाकत होते.

"सर कुठले मालिका बघायला!" खेळाचे सर म्हणाले. "त्यांना एवढंच विचारा, मालिका कोणत्या साली सुरू झाली आणि कोणत्या साली संपली."

"संपते कुठे मेली!" मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे खळखळून हसले. त्यात वाईट काही नव्हतं, पण सरांना ते हसणं झोंबलं.

"मी मालिका वापरतो," ते म्हणाले.

शब्द निघून गेले होते. आता पुढचं बोलणं भाग होतं.

"रोज रात्री घरोघरी लागते ती मालिका बघा. सासू, सून, दिराचे कट, सगळं काही. आणि प्रत्येक प्रसंगात मागे एक मोलकरीण हातात ट्रे घेऊन उभी. बोलत काही नाही. पण सगळं घडतं तिच्यासमोर. मुलांना विचारायचं, ही बाई घरी जाऊन काय सांगत असेल? मग तुमच्या वरच्या दालनातलं दरबाराचं चित्र घ्यायचं. राजा, राणी, प्रधान, सगळ्यांची नावं खाली लिहिलीयत. कडेला एक बाई लांब दांड्याचा पंखा धरून उभी आहे. तिचं नाव नाही. दरबारात काय झालं, ते राजानं लिहवून घेतलं. तिला विचारलं असतं तर?"

टाळ्या झाल्या. खेळाच्या सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काय राव, आम्ही आपलं पळापळीच करत बसलो!"

"हे सुचलं कसं तुम्हाला?" बाईंनी विचारलं. बाई तरुण होत्या, आणि त्यांचे डोळे खरोखर चमकत होते.

"असंच," सर म्हणाले. "इतकी वर्षं वर्गात उभं राहून राहून."

धडा त्यांच्या बायकोचा होता.

ती दुसऱ्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. रात्री जेवताना त्या दिवशी वर्गात काय झालं ते सांगायची. ताटातलं निवून जायचं तरी तिचं सांगणं संपत नसे. मोलकरणीची आणि पंख्याची गोष्ट तिनं अशीच सांगितली होती, हातातला घास हातातच ठेवून, हसत हसत. "शाळा आहे का थिएटर?" असं सर म्हणाले होते. मग त्यांनी बातम्या लावल्या होत्या. अर्ध्या कानानं ऐकलेलं ते सगळं इतकं लक्षात राहिलं असेल, याचं त्यांचं त्यांनाच आत्ता नवल वाटलं. म्हणजे आवडलं होतं. तेव्हाच आवडलं होतं, फक्त तिला सांगितलं नव्हतं.

"दुपारी एका शाळेची सहल येतेय," बाई सांगत होत्या. "त्या मुलांसमोर सरांनी हा धडा घ्यायचा. शेजारच्या दालनात प्राथमिकचे शिक्षक आहेत, त्यांनाही बोलावते. आणि चांगल्या धड्यांची आम्ही कार्डं छापतो, इतर शाळांना वापरायला. सर, पहिलं कार्ड तुमचं!"

प्राथमिकच्या शिक्षकांत त्यांची धाकटी मेहुणी होती. घरात सगळे तिला 'धाकटी' म्हणत. बहिणीच्याच वाटेनं ती शिक्षिका झाली होती, आणि बहिणीच्या वर्गातली एकही गोष्ट तिला ठाऊक नाही असं होणं शक्य नव्हतं. सकाळी दारात दोघांची नजरानजर झाली होती. बायको गेल्यानंतर त्यांचं येणं-जाणं कमीच झालं होतं. भेटलं की दोघांनाही तिसरी आठवायची.

जेवणाच्या सुट्टीत धाकटी स्वतःहून त्यांच्या टेबलाशी आली.

"भाऊजी, मी काय ऐकतेय? तुमचा धडा निवडला? तुमचा?" तिचा चेहरा फुलला होता. किती दिवसांनी ते तिला असं हसताना बघत होते.

"तसं विशेष काही नाही गं."

"विशेष नाही कसं! म्हणे मालिकेवर आहे. तुम्ही आणि मालिका! ताई टीव्ही लावायची तर तुम्ही उठून आत जायचात."

"हो ना."

"काय आहे धड्यात?"

आता सांगता आलं असतं. टेबलाशी दोघंच होते. बाईंना बाजूला घेऊन दोन शब्दांत मिटवता आलं असतं. सरांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले, खाली ठेवला.

"चित्राबद्दल आहे काहीतरी. बघशीलच."

"ताईला इतकं बरं वाटलं असतं," धाकटी म्हणाली, आणि त्यांच्या हातावर हात ठेवून निघून गेली.

सरांनी डबा झाकून ठेवला. दोन घासही गेले नव्हते.

दरबाराच्या चित्रासमोर मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती. मागे भिंतीला टेकून शिक्षक उभे होते. धाकटी पुढेच होती.

"काल रात्री मालिका कुणीकुणी पाहिली?" सरांनी विचारलं.

एकजात सगळे हात वर गेले. मुलं एकमेकांच्या वर चढून बोलायला लागली. सासूनं विष कालवलं, नाही रे, औषध होतं ते, तिचा दीर जिवंत आहे! धडा आपोआप चालायला लागला. सरांनी ट्रेवाली मोलकरीण काढली, तिच्यावरून चित्रातली पंखेवाली काढली. बोलता बोलता त्यांनी एकदाच धाकटीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण त्यामागून ती निघून गेल्यासारखी दिसत होती.

"मग सांगा," त्यांनी मुलांना विचारलं, "या बाईनं काय पाहिलं असेल?"

मुलांनी माना वर करून चित्राकडे पाहिलं.

"तिला काय माहीत असणार?" एक चष्मेवाली मुलगी म्हणाली. "ती तर नुसती उभी आहे."

"बरोबर आहे, पण उभी राहून तिला दिसत असेल ना काहीतरी?"

"पंखा दिसत असेल," एक मुलगा म्हणाला, आणि हसण्याचा फुगा फुटला.

सरांना पुढचं सुचेना. बायकोकडून जेवताना ऐकलेलं इथंच संपत होतं. याच्यापुढं तिनं सांगितलं असेल तर तेव्हा बातम्या लागलेल्या होत्या. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, पुन्हा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. मागच्या मुलांनी एकमेकांना ढोसायला सुरुवात केली. शिक्षक पाय बदलून उभे राहिले.

"सर," धाकटी पुढे येत म्हणाली, "एक पायरी राहिली तुमची."

भाऊजी नव्हे, सर.

"आधी कुणाला तरी उभं करायचं असतं. तुम्हीच राहा." तिनं टेबलावरचा मोठा पुठ्ठा उचलून त्यांच्या हातात दिला. "हा पंखा. तिथं कडेला. हात वर. आता खेळ संपेपर्यंत बोलायचं नाही आणि हात खाली घ्यायचा नाही."

मग तिनं मुलांतून एक राजा निवडला, एक राणी, एक प्रधान आणि दोन भांडकुदळ शेजारचे राजे. सरांकडे तिनं पुन्हा पाहिलंही नाही. मुलं लगेच रंगली. राजानं शेजाऱ्यांना वचन दिलं आणि पाठ फिरल्यावर प्रधानाला डोळा मारला. राणी रुसली. प्रधानानं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. राजा खेकसला, "वारा कमी येतोय! काय झोपलीस काय?" सगळे खो खो हसले. सर पुठ्ठा हलवत राहिले.

हात भरून आला. मग खांदा दुखू लागला. मुलं त्यांना विसरली होती, शिक्षकही विसरले होते. आपल्या नाकासमोर लोक खोटं बोलतात, कुजबुजतात, रडतात, आणि आपण तिथं नाहीच असं समजतात, हे सरांनी इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. बायकोनं हे मुलांना करून दाखवलं होतं. घरी येऊन त्यांनाही सांगायला बसली होती.

"थांबा," धाकटी म्हणाली. "आता यांना विचारा."

चष्मेवाली मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही काय काय बघितलं?"

"राजानं वचन दिलं ते खोटं होतं," सर म्हणाले. "त्यानं प्रधानाला डोळा मारला. राणी फक्त राजा बघत असतानाच रडत होती. आणि प्रधान तिला म्हणाला, आज रात्री दार उघडं ठेवा."

"ए, हे यांनी कसं ऐकलं?" प्रधान ओरडला. मुलं थक्क झाली होती.

"मग तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाही?" मुलीनं विचारलं.

याचं उत्तर धड्यात ठरलेलं असणार, आणि ते काय, हे आता सरांना कळलं होतं: मला कुणी विचारलंच नाही. ते त्यांच्या ओठावर आलं. पण तेवढंच म्हणून पुन्हा टाळ्या घेणं त्यांना जमेना. त्यांनी पुठ्ठा खाली केला.

"बाळा, हा धडा माझा नाही," ते म्हणाले, आणि मग मान वर करून मोठ्यांकडे बघत म्हणाले, "माझ्या बायकोचा आहे. ती तिच्या वर्गात घ्यायची. मी सकाळी खोटं बोललो."

खेळाचे सर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

"मग त्या का नाही आल्या?" मुलीनं विचारलं.

"ती वारली," सर म्हणाले.

"ओह," मुलगी म्हणाली. तिनं त्यांच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि नीट टेबलावर ठेवला.

त्या दुपारी पुढं कुणी त्यांना काही बोललं नाही, आणि तेच जड गेलं. चहाच्या वेळी लोक बिस्किटांबद्दल बोलले, बसबद्दल बोलले. खेळाच्या सरांनी कप आणून दिला आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "होतं असं कधी कधी." असं होत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

दालन रिकामं झाल्यावर सर खुर्च्या एकावर एक रचत राहिले. धाकटी पिशवी खांद्याला लावून निघालीच होती, तेव्हा संग्रहालयाच्या बाई कार्डाचा नमुना घेऊन आल्या. त्यांना दोघांशीही कसं बोलावं ते कळत नव्हतं.

"धडा आम्हाला छापायचाच आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या पत्नीच्या नावानं. चालेल ना, सर?"

सरांनी मान हलवली. त्यांनी बायकोचं नाव सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

"आणि वर्ग? कोणत्या वर्गाला शिकवायच्या त्या? म्हणजे वापरणाऱ्यांना अंदाज येतो."

सरांनी तोंड उघडलं. तिची बस त्यांना माहीत होती. खडूनं तिच्या बोटांना भेगा पडायच्या, त्याला ती काय लावायची तेही माहीत होतं. दरवर्षी शाळा उघडली की ती घरी येऊन सांगायची, यंदा मला अमुक वर्ग मिळाला. ते 'बरं' म्हणायचे.

बाई पेन धरून थांबल्या. सरांनी धाकटीकडे पाहिलं. या वेळी ती पुढं आली नाही. नुसती उभी राहिली, त्यांच्याकडे बघत.

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

मग धाकटी म्हणाली, "चौथी. दरवर्षी भांडून चौथीच मागून घ्यायची."

बाईंनी लिहिलं, कार्ड उचललं आणि पाय न वाजवता निघून गेल्या. दिवे एकेक करून विझायला लागले होते.

"का?" सरांनी विचारलं. "चौथीच का?"

धाकटीनं खांद्यावरची पिशवी काढली. सरांनी रचलेल्या चळतीतली वरची खुर्ची तिनं स्वतः उतरवून घेतली आणि बसली.