एकशे पंचवीस मायक्रॉनचा पुरावा

चेक म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला सहीनिशी दिलेलं वचन, आणि त्या वचनामागे अख्खा कायदा उभा असतो, यावर बाइंडरची श्रद्धा होती. थोरल्या साडूने दिलेलं एक लाख ऐंशी हजारांचं वचन तिसऱ्या दिवशी बँकेतून परत आलं. सोबत 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' अशी चिठ्ठी होती. वचन परत आणून दिल्याबद्दल बँकेने दंड कापला, तोही बाइंडरच्याच खात्यातून.

साडूचे शिकवणीचे क्लास होते. त्याचे प्रश्नसंच बांधून देण्यात बाइंडरचे दोन महिने गेले होते. कागद कापायचं मशीन हप्त्यावर घेतलेलं, आणि त्याचे दोन हप्ते थकलेले. तिसरा थकला की मशीन उचलणार, असं कंपनीने लेखी कळवलं होतं. मशीन गेलं की धंदा गेला. कात्रीने काही प्रश्नसंच कापता येत नाहीत.

चेक परत आला त्या दिवशी बाइंडरने हाताला सवयीचं होतं तेच केलं. चेक आणि बँकेची चिठ्ठी पाठीला पाठ लावून सगळ्यात जाड प्लास्टिकमध्ये घातली आणि लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून काढली. दुकानाचा परवाना, लग्नाचा फोटो, मशीनचं गॅरंटी कार्ड, कंपनीचं ते धमकीचं पत्र, सगळं असंच भिंतीवर होतं.

"माझंही एकदा करून टाका," बायको म्हणाली. "सुरकुत्या तरी पडायच्या नाहीत."

नोटीस पाठवतो म्हटल्यावर मात्र तिची थट्टा आटली. "अहो, ताईच्या दारात वकिलाचा कागद? पुन्हा कोणत्या तोंडाने जाऊ मी तिच्याकडे? थोडं थांबा."

साडूही फोनवर हेच म्हणाला. "साडूभाऊ, पैसे काय पळून चाललेत? पोरांच्या फिया येऊ द्या."

नात्याला जागून बाइंडर थांबला. चौतिसाव्या दिवशी वकीलबाईंकडे गेला.

"चौतीस?" वकीलबाईंनी चष्मा काढला. "चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते. मग त्यांना पैसे द्यायला पंधरा दिवस. नाही दिले, की पुढच्या महिन्याभरात कोर्टात फौजदारी तक्रार. तुम्ही पहिल्याच पायरीवर बसून राहिलात."

"म्हणजे बुडाले?"

"एवढ्यात कशाला रडता? चेकवरच्या तारखेपासून तीन महिने तो चालतो. उद्या परत बँकेत टाका. वटला तर उत्तम. परत आला तर नवे तीस दिवस मिळतील. बघू तो चेक."

बाइंडरने पिशवीतून चेक काढून ऐटीत टेबलावर ठेवला. टक्कन आवाज झाला. वकीलबाईंनी तो उचलला, उलटा केला, वाकवून पाहिला. वाकला नाही.

"हे काय आहे?"

"पुरावा. एकशे पंचवीस मायक्रॉन जाडीचं प्लास्टिक. पाण्यात टाका, काही होणार नाही."

"पाण्यात नाही हो, बँकेत टाकायचाय."

वकीलबाईंनी नखाने प्लास्टिकचा कोपरा उकरून पाहिला.

"सोडवता येईल?"

"सोडवायला गेलं की शाई प्लास्टिकला धरून येते. सही जाईल," बाइंडर म्हणाला, आणि मग, राहवलं नाही म्हणून, "दुसऱ्या कुणाचं असतं तर कोपरा तरी सुटला असता. माझं सुटत नाही."

वकीलबाईंनी दिवाणी दाव्याचा रस्ताही सांगितला. कोर्ट फी भरायची, तारखा घ्यायच्या.

"निकाल कधी लागेल?"

"तब्येत कशी आहे तुमची?" वकीलबाईंनी विचारलं.

बँकेतल्या बाईने चेक शेजारच्याला दाखवला, त्याने त्याच्या शेजारच्याला. तिसऱ्या टेबलावरून तो हसू घेऊन परत आला. "नवा मागून घ्या."

साडूने चेकवरून बोट फिरवलं. "वा! आमच्या गुणवंतांची प्रमाणपत्रं अशीच करून द्या."

"साडूभाऊ, याच्या बदली दुसरा चेक द्या."

"दुसरा कशाला? मी नाही म्हणतोय का? परवाच फिया जमा झाल्यात. हाच टाका."

"बँक घेत नाही."

"मग तुमचं भांडण बँकेशी आहे." साडूने चेक दोन बोटांत धरून परत दिला. "उद्या दोन्ही वटले तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? व्यवहार आहे हो. नातं आपलं नात्याच्या जागी."

आतून मेहुणी म्हणाली, "भाऊजी, जेवूनच जा." बाइंडर जेवला नाही. त्यातून काय साधलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या हप्त्याची तारीख टळली. चार दिवसांनी टेम्पो आला. दोन माणसांनी मशीनचे बोल्ट काढले, एकाने पावतीवर बाइंडरची सही घेतली. बायको दारात उभी होती.

"ताईला कळवू नका," ती म्हणाली. "वाईट वाटेल तिला."

जमिनीवर मशीनच्या पायांचे चार चौकोन उरले. बाइंडर त्यांच्याकडे पाहत स्टुलावर बसून राहिला. मग उठून त्याने चेक परवान्याशेजारच्या खिळ्याला लावला.

तो अजून तिथेच आहे. प्लास्टिकखाली एकही बुडबुडा नाही.