स्पेनच्या बाईंचा एक शब्द

नोएलिया ब्रिसुएलाला पदरात पाडून घ्यायचं होतं ते एवढंच: सोमवारचं पित्ताशय. चार वर्षं दुसऱ्यांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत तिने पोटातला कॅमेरा धरला होता. आता तिला एकदाचा चिमटा हातात हवा होता. विभागप्रमुख अर्गुएयो सरांनी अट घातली. नव्या आभासी यंत्रावर शुक्रवारपर्यंत ज्या शिकाऊ डॉक्टरचे गुण सर्वांत जास्त, सोमवारचा रुग्ण त्याचा.

यंत्र झकास होतं. चष्मा डोळ्यांवर चढवला की समोर पोट, पोटात यकृत, आणि चुकलात की रक्तसुद्धा. फक्त सूचना देणारी बाई स्पेनची निघाली. 'घ्या', 'धरा' म्हणायला तिकडे जो शब्द सर्रास वापरतात, तो आमच्या अर्जेंटिनातल्या कोर्दोबात पलंगावरच्या उद्योगासाठी राखून ठेवलेला आहे. बाई मधाळ आवाजात सांगायची की आता पित्ताशयाला मानेपाशी हळुवारपणे... आणि पुढे तो शब्द. नोएलिया फिस्सकन हसायची. हसलं की हात हलायचा आणि यंत्र 'हातात कंप' म्हणून गुण कापायचं. बहात्तर. मग अडुसष्ट.

"अगं, एका मुलाची आई तू," सर कावले, "शाळेतल्या पोरीसारखी खिदळतेस काय?"

"सर, त्याच्या आधी ती 'दोन्ही हातांनी' म्हणते हो!"

"म्हणू दे! तू पोटाकडे बघ ना."

"पोटाकडेच बघते, सर. म्हणून तर जास्त हसू येतं."

तिने कानांत कापूस कोंबून पाहिला. मग रक्तस्रावाची घंटाच ऐकू आली नाही आणि यंत्रातला माणूस गेला.

"कापसाने माणूस मारणारी पहिलीच तू," म्हणत सरांनी चष्मा ओढून घेतला. "बघ, असं करायचं असतं." दोन मिनिटं हात अगदी दगडासारखा स्थिर. मग बाई म्हणाली, "न घाबरता, जरा खालून..." आणि सरांचे खांदे गदागदा हलायला लागले. एकसष्ट.

"यंत्र बिघडलंय," सर म्हणाले.

यंत्र बिघडलं नव्हतं, हे येइसन तास्कोनने पहिल्याच फेरीत शहाण्णव मिळवून दाखवलं. हा कोलंबियाचा. उरलेलं शिक्षण पुरं करायला गेल्याच महिन्यात तिकडच्या काली शहरातून आलेला. त्याच्या गावी लोक बससुद्धा त्याच शब्दाने पकडतात. माणूस इतका अदबशीर की कँटीनच्या मांजरालाही 'अहो' म्हणणार.

"डॉक्टर, सगळे हसतात कशाला हो?" त्याने मला विचारलं. मी भूलतज्ज्ञ. लोकांना गुंगी द्यायचं काम माझं, ज्ञान द्यायचं नाही.

सरांनी कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर आलं: आवाज शुद्ध स्पॅनिशमध्ये आहे.

"शुद्ध!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "म्हणजे आम्ही काय भुंकतो? काढा ती बाई! शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी कानात मीच ओरडतो ना? मग यंत्रातही मीच ओरडेन." गुरुवारी त्यांनी सगळ्या सूचना स्वतःच्या आवाजात भरल्या, जुने गुण रद्द केले आणि शुक्रवारी सगळ्यांना पुन्हा बसवलं.

"धर! अरे, धर म्हणतोय ना! खाटीक आहेस का?" यंत्र गरजलं. नोएलियाची चार वर्षं याच आवाजाखाली गेलेली. तिने डोळासुद्धा लवू दिला नाही. चौऱ्याण्णव.

येइसनची पाळी आली. यंत्र पहिल्यांदा खेकसलं तशी त्याने दोन्ही चिमटे खाली ठेवले आणि म्हणाला, "माफ करा हं, सर, चुकलंच माझं." घड्याळ चालू, रक्त चालू. पुन्हा खेकसलं, पुन्हा चिमटे खाली, पुन्हा माफी.

"अरे बाबा, ते यंत्र आहे!" सरांनी कपाळावर हात मारला. "माफी कोणाची मागतोस?"

"आपलीच, सर. आवाज आपला होता."

एकाहत्तर.

सोमवारी नोएलियाने पित्ताशय सफाईने काढलं. येइसनने कॅमेरा धरला. चित्र जराही हललं नाही. खरा रुग्ण समोर असताना सर एकदाही ओरडले नाहीत. हाताची घडी घालून उभे राहिले आणि शेवटी फक्त "बरं" म्हणाले.

रुग्णाची कळ गेली, नोएलियाला तिचं पित्ताशय मिळालं, सरांचे एकसष्ट जुन्या गुणांबरोबर पुसले गेले आणि कंपनीला तर तिचे पैसे आधीच पोचले होते. या सगळ्याची किंमत एकट्या येइसनने मोजली. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याला हसू आलं नव्हतं.