घनश्यामचं पुंजणं

घनश्यामने आयुष्यात एकदाच माती खाल्ली, तीही दहा मिनिटांत. १९७८च्या कार्तिकात तो शेजारच्या गावी मंडईला गेला होता. दिवाळीनंतरची ही जत्रा; दंडारीचे खेळ, पाळणे, पाहुणे, सगळा गोंधळ. तिथे राहुटीमागे एका अनोळखी बाईशी जे व्हायचं ते झालं. नावही त्याने विचारलं नाही. घरी सत्यवती होती, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. तिने पुढ्यात ताट ठेवलं, तेव्हा गड्याला पहिल्यांदा रोगाचं सुचलं.

चौथ्या दिवशी तो अड्याळहून भंडाऱ्याला डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी दार लोटून एकेक विचारलं: कधी, किती वेळा, तिच्या अंगावर फोड होते का, लघवीला आग होते का. घनश्यामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"एकदाच ना? मग बहुतेक काही होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण 'बहुतेक'च्या भरवशावर बायकोला टांगू नकोस. गरमीचा रोग रक्तात दिसायला तीन महिनेही लागतात. आज रक्त साफ निघालं तरी खरं मानायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा ये. तोवर तिच्याजवळ जायचं नाही. आणि तिला सांग."

सगळं त्याने पाळलं. शेवटचं तेवढं गिळलं.

दूर राहायला सबब हवी होती, ती खळ्यावर आयती मिळाली. कापलेल्या धानाचे भारे रचून पुंजणं उभं केलं की राखणीला माणूस तिथेच झोपतो. कोणी 'काहून' विचारत नाही. पण राखण चुरणी, म्हणजे मळणी, होईपर्यंतच. पौषात गावभरची चुरणी उरकली, घनश्यामचं पुंजणं तसंच उभं. आज बैल लंगडतो, उद्या मजूर मिळत नाही. उंदरांनी दाण्यांची नासाडी केली, तरी पठ्ठ्या हलेना. रोज बोडीवर, शेताजवळच्या तळ्यावर, अंघोळ करताना तो अंग निरखायचा. डास चावलेलं दिसलं तरी जेवण जात नसे.

सत्यवती खळ्यावर भात घेऊन यायची. "माहं काही चुकलं का?" विचारायची.

"नाई वं. धान हाये ना इथं," एवढंच तो म्हणायचा, तेही खाली बघून.

त्याच्या आईने, कुंताबाईने, मात्र निकाल देऊन टाकला. "माहा पोरगा घरात पाय ठेवत नाई. तुह्यातच काही खोट हाये." सुनेला देवऋषीकडे नेलं, राख चारली, शनिवारचे कडक उपास लावले. पोरगी वाळत चालली. घनश्यामला सगळं दिसत होतं. आता महिनाच उरला, आता पंधराच दिवस, असं तो स्वतःला समजावत राहिला. असल्या धीराला काय जाळायचंय!

माघात तिचे वडील वासुदेवराव आले आणि लेकीची दशा पाहून तिला दिघोरीला घेऊन गेले. त्यानंतर आठच दिवसांनी घनश्यामच्या हाती दुसऱ्या तपासणीचा कागद पडला. रक्त साफ होतं. तो भंडाऱ्याहून तडक दिघोरीला गेला. ओसरीवर वासुदेवराव बसले होते, दाराशी सत्यवती उभी होती. त्याने मंडईपासून सगळं सांगितलं, रडत, एका दमात.

"आता काहीच नाई, मामाजी. डाक्टरनं लिहून देल्लं. मी हिले न्यायले आलो."

सत्यवतीने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिली.

"मी राख खाल्ली," ती म्हणाली. "मले वाटे, माह्याच अंगाले वास येते. तीन-तीन डाव अंघोळ करो मी."

"तुले काही होऊ नये म्हणूनच दूर राहिलो वं."

"अन् कागदावर रोग निघाला असता, तं सांगतलं असतं मले?"

त्याने तेव्हाही दुसरी सबबच शोधली असती, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि तिला तर आधीच कळलं होतं.

तिने कागदाची घडी घालून त्याच्या हातात परत दिली.

"बाबा," ती वडिलांकडे वळून म्हणाली, "पंच बोलवा. काडी मोडून टाका."