पट्टीबाईची तहान

ही गोष्ट मी आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्यानं मला वेड्यात काढलं. तुम्हीही काढाल. खुशाल काढा, माझ्यापाशी साक्षीदार आहे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या जिन्यावर बसून मी पोरींनाही हेच ऐकवलं. आमचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. खाली आम्ही बायका खळ लावतो, घड्या घालतो, खोकी उभी करतो. वर काचेच्या खोलीत एक फिरती खुर्ची आहे. तिच्यावर खात्याचा मुख्य बसतो आणि खाली बघतो. आजवर माणसं बदलली, मिशा बदलल्या, खुर्ची तीच. माझे हात आता थरथरतात, म्हणून मला नुसती खळ ढवळायला ठेवलंय. तोंडाला मात्र अजून कुणी कामावरून काढलेलं नाही.

पोरी डबे उघडून बसल्या होत्या. त्यातल्या चष्मेवालीनं बाटलीतल्या पाण्यानं नुसते ओठ ओले केले आणि झाकण लावून टाकलं. का, ते विचारायची गरज नव्हती. कारखान्यात संडास एकच, तोही पुरुषांचा. बायकांनी जायचं तर साहेबांना, म्हणजे कारखान्याच्या मालकांना, सांगून, फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून, पेट्रोल पंपावर. सांगताना साहेब घड्याळाकडे बघतात आणि बाकीचे पुरुष आपल्याकडे.

"ओठ कसले ओले करतेस?" मी म्हटलं. "आमच्या पट्टीबाईनं तेवढेही लाड केले नव्हते जिवाचे. तिची लेकच बसलीय बघ तुझ्या शेजारी, परवा कामाला लागलेली. तिच्यासमोर सांगते, म्हणजे थाप मारायची सोयच नाही. काय गं, सांगू ना तुझ्या आईची गोष्ट?"

लेक गालातल्या गालात हसली. "सांगा मावशी. पण खोटं बोललात तर धरीन."

"धर की."

तर, पट्टीबाई. लाकडी फूटपट्टी कायम केसांत खोचलेली, म्हणून हे नाव. झोपतानाही काढत नसे. कूस बदलली की नवऱ्याला टोचायची, तेवढाच काय तो तिचा घरात दरारा. या बाईला जन्मात एकच गोष्ट हवी होती. दागिना नको, लुगडंलत्ता नको, वरची ती खुर्ची हवी. ती रिकामी झाली तेव्हा खात्यात सगळ्यांत जुनी हीच. गेली साहेबांकडे.

साहेब भला माणूस. कधी आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, तुमच्याइतकं लायक दुसरं आहे कोण? पण वर बायकांची सोय नाही हो. मुख्य कसा दिवसभर जागेवर पाहिजे. तुम्ही घटकाभरानं पंपावर जाणार, मग खातं कुणी बघायचं? सोय झाली की खुर्ची तुमचीच."

दुसरी कुणी असती तर मनातल्या मनात दोन शिव्या हासडून परत आली असती. पट्टीबाईची खोड अशी, की लोक जे बोलतात ते तिला खरंच वाटायचं. ती म्हणाली, "साहेब, अडचण तेवढीच ना? मग मला सोय लागणारच नाही." आणि त्या दिवसापासून कामावर असताना पाण्याचा थेंब नाही. चहा नाही, काही नाही.

"त्यात काय एवढं?" चष्मेवाली म्हणाली. "ते तर आम्ही सगळ्याच करतो."

"थांब गं. अजून तुला पट्टीबाई कळायचीय. सवय मोडायला नको म्हणून तिनं घरीही पाणी कमी केलं. आणि हळूहळू बाई सुकायला लागली. बारीक नव्हे, सुकायला! खळ लावलेल्या खोक्याला तिनं नुसता हात लावावा, की खोकं खडखडीत. पावसाच्या दिवसांत आम्ही ओल्या छत्र्या तिच्या पाठीशी टेकवून ठेवायचो, डबा संपेस्तोवर वाळायच्या. साहेबांच्या टेबलावर कुंडीत एक रोप होतं. ही सही घ्यायला गेली की ते मान टाकायचं. खरं की नाही गं?"

"खरं," लेक म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "आमच्या घरी कपडे वाळत घालायला दोरीच नव्हती. आईच्या खांद्यावर टाकायचो."

पोरी फिदीफिदी हसल्या. साक्षीदार असावा तर असा! मला चेव चढला.

"तिची सासू गेली तेव्हाची गोष्ट ऐका. सासूवर तिचा जीव होता. पण रडायला गेली तर डोळ्यांतून काही येईचना. झालं! जावा, नणंदा, शेजारणी, सगळ्या तिच्याकडेच बघायला लागल्या. 'बघा, कशी कोरडी ठणठणीत बसलीय. कमवायला लागली ना, आता हिला कोण मेलं नि कोण जगलं.' नवरा शेजारी बसून जांभया देत होता, त्याला कुणी अवाक्षरानं बोललं नाही. शेवटी कुणीतरी तिच्या डोळ्यांखाली पाणी शिंपडलं, तेव्हा कुठं बायकांचं समाधान झालं."

"मीच शिंपडलं," लेक म्हणाली. "गालावर पडलं की लगेच उडून जायचं. सारखं शिंपडावं लागत होतं."

"ऐकलंत? आणि मग खुर्ची पुन्हा रिकामी झाली."

आता कुणी हसत नव्हतं. चष्मेवालीनं डबा बाजूला ठेवला. "मग? मिळाली?"

"गेली की साहेबांकडे. म्हणाली, 'साहेब, इतकी वर्षं बघताय, मी फाटकाबाहेर एकदा तरी गेले का? मला सोय लागत नाही.' साहेबांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, 'बाई, तुमची कमाल आहे. पण आता तुम्हाला वर नेऊन कसं चालेल? तुम्ही खाली असता म्हणून पुठ्ठ्याला ओल धरत नाही. तुम्ही वर गेलात तर खाली माल कुजेल.' आणि तिला गोदामात एक स्टूल दिलं, बसायला. वर कोण गेला ठाऊक आहे? तिच्याच हाताखाली घडी घालायला शिकलेला एक बाप्या. तो घटकेत संडासला, घटकेत बिडीला, घटकेत फोनवर. अर्धा दिवस ती खुर्ची मोकळीच गरगर फिरायची. आणि पट्टीबाई गोदामाच्या दारातून मान वर करून बघत बसायची."

पोरींनी डब्यांची झाकणं लावायला घेतली. पंपावर जाऊन आलेली एक पोर धापा टाकत येऊन टेकली, तिनंही डबा उघडला नाही. मला अशी उदास गोष्ट सोसवत नाही. आतापर्यंत एवढ्या थापा खपल्या होत्या, वाटलं, अजून एक कुठं जड जातेय?

"पण पुढं काय झालं," मी मांडी सावरून म्हटलं, "एक दिवस साहेबांनाच लाज वाटली. त्यांनी गवंडी बोलावला. वर बायकांसाठी सोय बांधली. पांढऱ्या फरश्या, नळ, आतून कडी. साहेब स्वतः गोदामाच्या दारात आले, म्हणाले, 'चला बाई.' पट्टीबाईनं केसांतली पट्टी सारखी केली आणि जिना चढली, हाच जिना. खुर्चीत बसली, एक गिरकी घेतली. मग कळशी भरून मागवली, तोंडाला लावली, आणि सगळ्या खात्यादेखत घटाघटा..."

"खोटं."

लेक मोठ्यानं बोलली नव्हती. तरी खळीच्या भांड्यापाशी उभी असलेली बाईसुद्धा वळून बघायला लागली.

"अगं, छत्र्या वाळल्या ते चाललं तुला," मी हसण्यावारी न्यायला बघितलं, "कपडे वाळले ते चाललं..."

"ते चालेल मावशी. कितीही सांगा, मी हो म्हणेन. हे नका सांगू." तिनं चष्मेवालीच्या बाटलीचं झाकण काढलं आणि बोटांत धरून बसली. "आई कधीच वर गेली नाही. गोदामात स्टुलावरून पडली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं गेलीत, आता अंगात पाणी साठेल, हिला पाणी मोजून द्यायचं. मी असं झाकणानं द्यायचे. ती माझा हात धरून ठेवायची. म्हणायची, अजून एक झाकण दे गं. आता कुठं मला वर जायचंय?"