रांजणाच्या खटक्यावरचं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे, मित्रांनो. लाल रंग निम्म्याहून अधिक उडालेला, पोटावर ओरखडे, आणि कडी जरा सैल. पण कुलूप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तिजोरी, कपाट किंवा घराचं दार आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मी जन्मात कधी कुणाचा माल राखला नाही. मी माणसं राखली. हे मी जरा तोऱ्यात सांगतो आहे, मला कळतं. पण म्हातारपणी एवढा तोरा चालायचाच.

आम्ही बारा भावंडं एका खोक्यातून दुकानात आलो. बाकीची अकरा एकेक करून दुकानांच्या फळ्यांना आणि प्रवासाच्या पेट्यांना जाऊन लटकली. मला उचललं ते एका फिटरने. त्याने मला तळहातावर तोललं, दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि दुकानदाराने पुढे केलेल्या दोन किल्ल्यांपैकी एकच घेतली. "दुसरी तुमच्याकडेच राहू द्या, मला एकच पुरे," तो म्हणाला. दुकानदार बघतच राहिला. खरं सांगायचं तर मीही चक्रावलो होतो.

हा फिटर एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात होता. सगळे त्याला मामा म्हणत. वयाने मोठी माणसंही मामाच म्हणत, त्यामुळे तो नक्की कुणाचा मामा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कारखान्यात रद्दी कागद यायचा आणि तो एका मोठ्या टाकीत पाण्याबरोबर घुसळून त्याचा लगदा करायचे. टाकीचं नाव होतं रांजण. पण साधासुधा रांजण नव्हे बरं का. दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वरच्याचं डोकं बाहेर येणार नाही एवढा खोल, आणि तळाशी हातभर लांबीची पोलादी पाती. रद्दीबरोबर सुतळ्या, तारा, प्लॅस्टिकच्या पट्ट्या यायच्या आणि पात्यांना गुंडाळून बसायच्या. मग रांजण बंद करून, रिकामा करून, कुणीतरी शिडीने आत उतरायचं आणि तो गुंता हाताने कापून काढायचा. ते काम मामांचं.

आता गंमत अशी, की रांजणाचं तोंड वरच्या मजल्यावर आणि तो सुरू करायचा खटका खालच्या खोलीत. खटक्यापाशी उभं राहिलं तर रांजण दिसत नाही. रांजणातून हाक मारली तर खाली ऐकू येत नाही, कारण बाकीची यंत्रं धडधडत असतात. म्हणून माझी नेमणूक. मामा आत उतरण्याआधी खटक्याचा दांडा खाली ओढायचे, मला त्याच्या कडीत अडकवायचे, मिटायचे आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकून वर जायचे. ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं, दुसऱ्या कुणीही नाही, असा तिथला नियम होता. मी दांड्यावर असेपर्यंत तो दांडा वर जात नाही. कितीही मोठा साहेब आला तरी नाही.

आणखी एक नियम होता. माणूस आत असेपर्यंत रांजणाच्या तोंडाशी दुसऱ्या कुणीतरी उभं राहायचं. हे काम बहुतेक वेळा झाडलोट करणाऱ्या मावशींकडे असायचं. त्या कठड्याला टेकून उभ्या राहायच्या आणि मामांशी गप्पा मारायच्या. मामा आतून गुणगुणायचे आणि मावशी वरून त्यांच्या गाण्याची खोड काढायच्या. "मामा, पुरे करा हो, लगदा नासेल!" हे मी स्वतः कधी ऐकलं नाही, माझी जागा खाली. पण दोघं खाली आले की तीच थट्टा पुन्हा चालायची, तेव्हा मला सगळं कळायचं. वर्षानुवर्षं असं चाललं आणि मी सुखी होतो.

मामांचा हात सोन्याचा, पण डोकं विसराळू. काम उरकून ते बाहेर यायचे, हात धुवायचे, कुणीतरी भेटायचं, बोलता बोलता ते फाटकाबाहेर पडायचे, आणि मी इथे दांड्यावर लोंबकळतच. किल्ली मामांबरोबर घरी. मग कुणीतरी धावत त्यांच्या घरी जायचं आणि तोवर रांजण बंद. एकदा तर मामा अर्ध्या आंघोळीवरून उठून आले होते. कानामागे साबण तसाच होता. मावशी आठवडाभर त्यावरून हसत होत्या.

तेव्हा कारखान्यात नवे साहेब आले होते. माणूस फार चांगला होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतला नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, प्रत्येकाला नावाने हाक मारायचा आणि पाण्याची घागर रिकामी दिसली तर स्वतः भरायचा. फक्त घाई फार. मामांच्या विसरण्याने तिसऱ्यांदा काम खोळंबलं तेव्हाही ते रागावले नाहीत. त्यांनी मामांकडून किल्ली मागून घेतली, तिची जोडकिल्ली करून आणली आणि आपल्या खोलीत खिळ्याला अडकवली.

"मामा, आता तुमची फेरी वाचली," साहेब म्हणाले.

"देवासारखे आहात साहेब," मामा म्हणाले.

दोघं खूश. कारखाना खूश. मी मात्र नाही. ज्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिळ्यावर लटकते, ते कसलं राखणदार? पण मला कोण विचारतो! चांगल्या माणसाने चांगल्या मनाने केलेली चूक कुणाला चूक वाटतच नाही, मित्रांनो. वाईट माणसाने ती किल्ली केली असती तर पहिल्याच दिवशी बोंबाबोंब झाली असती.

आणि मग तो दिवस आला. दुपारी पाळी बदलायची वेळ होती. मामांनी मला दांड्यावर लावलं आणि ते वर गेले. वर काय घडलं ते मला नंतर कळलं. गुंता नेहमीपेक्षा चिवट होता. पाळी संपल्याचा भोंगा झाला तरी थोडा शिल्लक होता. मामांनी आतून मावशींना सांगितलं, "तुम्ही जा मावशी, तुमची पाळी संपली. माझं दोन मिनिटांचं राहिलंय." मावशी जरा घुटमळल्या. पण मामांनी पुन्हा सांगितलं आणि त्या झाडू उचलून निघाल्या.

इकडे साहेबांची घाई चालली होती. पुठ्ठा न्यायला आलेली गाडी फाटकात उभी, चालकाची कुरकुर, आणि रांजण बंद. साहेबांनी मामांना चहाच्या खोलीत शोधलं, मामा नव्हते. हत्यारांच्या खोलीत पाहिलं, तिथेही नव्हते. फाटकाशी जाऊन पाहिलं तर मामांची सायकल नव्हती. झालं! मामा पुन्हा कुलूप विसरून घरी गेले. साहेबांनी तीन ठिकाणी शोधलं, फक्त रांजणात डोकावून पाहायचं राहिलं.

ते खाली आले तेव्हा त्यांच्या हातात ती दुसरी किल्ली होती. मी माझं सगळं अंग आवळून धरलं. पण कुलपाचं काय, किल्ली बरोबर असली की उघडावंच लागतं. मी उघडलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. साहेबांनी मला काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि दांड्याला हात घातला.

त्याच वेळी मावशी झाडू कोपऱ्यात ठेवायला आत आल्या.

"साहेब, मामा उतरले का खाली?"

"मामा कधीच घरी गेले, मावशी. कुलूप विसरले नेहमीसारखे."

"तुम्ही पाहिलंत जाताना?"

"सायकल नाही त्यांची."

"सायकल नाही म्हणजे माणूस नाही होय? मी आत्ता त्यांना रांजणात सोडून आलेय. बाहेर आले की नाही, मला ठाऊक नाही. मी बघून येते, तोवर हात लावू नका."

"अहो मावशी, गाडी खोळंबलीये. मी सगळीकडे बघून आलोय..." असं म्हणत साहेबांनी दांडा धरला.

आणि मग, मित्रांनो, त्या कारखान्यात कधी घडलं नव्हतं ते घडलं. मावशींनी साहेबांचं मनगट पकडलं. रोज ज्यांच्या खोलीचा केर त्या काढत होत्या, त्यांचं मनगट.

"थांबा म्हणते ना मी!"

दुसऱ्या हाताने त्यांनी मला कट्ट्यावरून उचललं, दांड्याच्या कडीत घातलं आणि खटकन मिटलं. मिटायला किल्ली लागत नाही. मग ती किल्ली साहेबांच्या बोटांतून काढून आपल्या मुठीत घेतली. "आता चला वर," त्या म्हणाल्या. साहेबांचा चेहरा लाल झाला होता, पण ते मागोमाग गेले.

मी एकटा राहिलो. वर कुणी आहे की नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं? मी आपली कडी घट्ट धरून बसलो होतो.

जिन्यावर पावलं वाजली. दोघांची नाही, तिघांची. पुढे मामा होते. गुडघ्यापर्यंत लगद्याने माखलेले, हातात कापलेल्या सुतळीचं भेंडोळं. दोघं वर पोहोचले तेव्हा ते पात्यांच्या मधे खांद्यापर्यंत हात घालून, वाकून, शेवटची गाठ कापत होते. गुणगुणत होते म्हणे. त्यांनी खिशातून आपली किल्ली काढली आणि मला उघडायला गेले. दोनदा किल्ली भोकात जाईना. तिसऱ्यांदा गेली.

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," मामा कसंबसं म्हणाले.

"वेळबिळ काही नाही," मावशी कडाडल्या. "किल्ली आली होती. ती कुठून आली ते बोला!"

साहेब तिथल्या स्टुलावर बसले. मग त्यांनी विचारलं, "मामा, सायकल कुठाय?"

"लेकीची परीक्षा आहे साहेब. ती घेऊन गेली."

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "दुसरी किल्ली मी केली. आणि वर जाऊन बघितलं नाही."

"माझीही आहे," मामा म्हणाले. "मावशींना मीच पाठवलं. आणि किल्ली करायला मीच दिली की."

"मीही गेलेच ना," मावशी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. तिघंही आपापली चूक आपल्याकडे ओढत होते. मला त्या क्षणी तिघांबद्दलही भारी माया वाटली. बाहेर गाडीचा चालक हॉर्न वाजवत होता. साहेब उठून दाराशी गेले आणि ओरडले, "आज उशीर होणार! थांबायचं असेल तर थांबा, नाहीतर उद्या या!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आदल्या दिवशी काय घडलं ते काहीही न लपवता सांगितलं. मग ती दुसरी किल्ली पकडीत धरून करवतीने कापली. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण साहेबांनी खिशातून एक नवं कोरं कुलूप काढलं, स्वतः दांड्यावर लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मावशींना म्हणाले, "मावशी, वर उभ्या राहाल का? मला आत उतरायचंय." इतकी वर्षं झाली, पण त्या रांजणात कुठलाही साहेब कधी उतरला नव्हता. ते शिडीने खाली गेले आणि पात्यांपाशी बराच वेळ उभे राहिले. वर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"आतून हाक मारून पाहिली मी," ते म्हणाले. "वरच्या मावशी सोडल्या तर माझी मलाच ऐकू आली."

त्या दिवसापासून तिथे रांजणात उतरणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप झालं. तोंडाशी उभं राहणाऱ्याने आतला माणूस बाहेर आल्याशिवाय हलायचं नाही, मग भोंगा होवो की आणखी काही. कुलूप कुणी विसरलंच, तर त्यालाच घरून आणायचं आणि तोवर रांजण बंद. पण तीही वेळ कधी आली नाही, कारण मामांच्या विसराळूपणावर मावशींनी तोडगा काढला. मामा कामाला रबरी बूट घालायचे. मावशींनी त्यांच्या घरी जायच्या चपला उचलल्या आणि थेट खटक्याखाली आणून ठेवल्या. "आता अनवाणी जाताय का बघते घरी!" मामा त्यानंतर मला एकदाही विसरले नाहीत. सूचनांच्या मोठमोठ्या फलकांनी जे जमलं नव्हतं ते एका चपलांच्या जोडाने जमलं.

आता माझी कडी सैल झाली म्हणून मला दांड्यावरून उतरवलंय. मामाही थकले, मावशीही. नवीन माणूस कामाला लागला की साहेब पहिल्या दिवशी मला त्याच्या हातात देतात आणि ही सगळी गोष्ट सांगतात. आपली चूक कुठे झाली, ते दरवेळी आधी सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरातून रोज सकाळी कुणीतरी कामाला जातं. ते काय काम करतात, हे तुम्हाला माहीत असेल. त्या कामात त्यांना काय होऊ शकतं, हे कधी विचारलंय? आज विचारा. मोठे होऊन तुम्ही कामगार झालात, तर आपली किल्ली कुणाला देऊ नका, अगदी देवासारख्या साहेबालाही नाही. साहेब झालात, तर जिथे माणसं पाठवता तिथे एकदा स्वतः उतरून या. आणि कामाच्या जागी कुणीही, अगदी झाडू मारणाऱ्या मावशीसुद्धा, "थांबा" म्हणाल्या, तर आधी थांबा. रागवायचंच असेल तर नंतर रागवा. रागवायला नंतर भरपूर वेळ असतो.