सात नंबर

गिऱ्हाईक बाईंचे अर्धे केस कापून झाले होते आणि उरलेले अर्धे तिनं कंगव्यावर उचलून धरले होते, तेवढ्यात दारात फुटबॉल क्लबचे कोच येऊन उभे राहिले. पुरुष माणूस पार्लरमध्ये शिरताना अवघडतोच, तसे तेही अवघडले होते. पण नुसतं तेवढंच नव्हतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"वहिनी, पाच मिनिटं बोलायचं होतं."

"बोला की. माझे हात चालू राहिले तर चालेल ना?"

ते आरशातल्या तिच्याकडे बघत बोलू लागले. क्लब नव्या मालकांनी विकत घेतल्याचं तिला माहीत होतं; शहरात दुसरा विषयच नव्हता. मालक बदलले की आधी रंग बदलतो, तसा स्टेडियमचा रंग बदलला होता. ज्यांनी एक मॅच कधी मैदानात येऊन पाहिली नव्हती, ती मंडळी लांब कुठंतरी बसून उंटावरून शेळ्या हाकत होती. आता त्यांनी बख्खळ पैसे मोजून एक नवा पोरगा आणला होता, गोल मारणारा.

"त्याला सात नंबरची जर्सी हवीय म्हणे. वरून तसं सांगितलंय मला."

कात्री थांबली. मागच्या खोलीत तिचा नवरा लोकांचे बिघडलेले पंखे, मिक्सर दुरुस्त करायचा. पडद्याआड त्याचं ड्रिल घुरघुरत होतं, तेही थांबलं.

सात नंबर तिच्या मुलाचा होता. सरावात धावता धावता तो खाली बसला आणि उठलाच नाही, त्याला सहा वर्षं झाली होती. जुन्या मालकांनी तेव्हा ती जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्यानंतर संघात सहा होता, आठ होता, सात नव्हता.

"ते विचारणारसुद्धा नव्हते," कोच म्हणाले. "मीच अडून बसलो, त्याच्या आईला विचारल्याशिवाय नाही म्हणून. तुम्ही नाही म्हणा, वहिनी. मी भांडतो त्यांच्याशी."

"पोरगा बरा खेळतो का?"

"खेळतो. आपल्याच्या तोडीचा आहे."

"मग द्या," ती म्हणाली आणि पुढची बट उचलली.

कोच चहा नको म्हणाले आणि निघून गेले. गिऱ्हाईक बाई हळहळल्या. "मन मोठं हो तुमचं," म्हणाल्या. मोठं कसलं डोंबलाचं? शुद्ध स्वार्थ होता तो. मुलगा खेळायचा तेव्हा सगळं स्टेडियम 'सात, सात' म्हणून ओरडायचं. सहा वर्षांत तो आकडा कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. लोक तिच्यासमोर तो टाळायचे. तिला फक्त तो ओरडा पुन्हा ऐकायचा होता, मग तो कुणासाठी का असेना.

रात्री नवरा एक शब्द न बोलता जेवला. तो रागावला की भांडायचा नाही, गप्प बसायचा. आणि गप्प माणसाशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तिनं दोन दिवस वाट पाहिली, मग तिसऱ्या दिवशी तीच बोलली.

"अहो, जर्सी जपून ठेवून काय लोणचं घालायचंय तिचं?"

"तू दिलीस ना? मग झालं तर."

त्यानं आपली गादी उचलली आणि मागच्या खोलीत पंख्यांच्या शेजारी नेऊन टाकली.

पहिल्या मॅचला ती एकटीच गेली. नव्या सातनं दोन गोल केले. दुसऱ्या गोलनंतर सगळे उठून ओरडायला लागले, तेव्हा ती तेवढी बसून राहिली, ओढणीत तोंड खुपसून. रडून रडून तिचं डोकं जड झालं, आणि किती वर्षांनी बरंही वाटलं. घरी येऊन तिनं पडद्याबाहेरूनच सांगितलं, "अहो, सातनं दोन मारले आज." आतून ड्रिलचा आवाज आला.

पण नव्याचे नऊ दिवस. हिवाळा आला तसा संघ हरू लागला. मालकांनी कोचना एका फोनवर घरी बसवलं. गरज सरो, वैद्य मरो. सातचं तर काहीतरी भलतंच झालं होतं. चेंडू पायाशी आला की पोरगा आधी प्रेक्षकांकडे बघायचा, कुणाला तरी शोधत असल्यासारखा. तेवढ्यात चेंडू जायचा. एकदा त्यानं पेनल्टी बाहेर मारली, आणि तिच्या मागून कुणीतरी ओरडलं,

"ए सात नंबर, मेलास का रे?"

तिनं वळून पाहिलं. चांगला घरंदाज माणूस होता, मांडीवर लहान मुलगी. तिला बघून ओळखीचं हसला. "तुम्हीच सांगा काकू, याच्यापेक्षा ही माझी पोर बरी खेळेल की नाही?"

तिनं तोंड मैदानाकडे वळवलं. त्यानंतर दर मॅचला तेच. सातच्या नावानं शिव्या, सातच्या नावानं शिट्ट्या. तरी ती जात राहिली. पोराला लोक शिव्या घालतात म्हणून आई उठून घरी जाते का? पण मनातून ती पोळत होती. आपणच आपल्या मुलाला चव्हाट्यावर आणून बसवलं, असं तिला वाटायचं. नवऱ्याचं बरोबर होतं, असंही वाटायचं. घरी आल्यावर मात्र ती हे बोलायची नाही.

शेवटची मॅच संघ जिंकला, पण तोवर तळाला जायचा तो गेलाच होता. सातला मैदानात उतरवलंसुद्धा नाही. तिनं मनाशी पक्कं केलं आणि खेळाडूंच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. पोरगा सगळ्यांत शेवटी आला, खांद्यावर बॅग, खाली मान.

"मी सात नंबरची आई," ती म्हणाली.

त्यानं बॅग खाली ठेवली. "काकू, माफ करा मला. मला नाही जमलं."

"कशाला मागितलास रे बाळा तो नंबर? जगात दुसरे आकडे नव्हते?"

"मी नाही मागितला." तो गोंधळून बघू लागला. "मी लहानपणापासून अकरा घालतो. मालक म्हणाले, सात घाल, जुने लोक जर्सी विकत घ्यायला तुटून पडतील. वर म्हणाले, त्याच्या आईचीच इच्छा आहे. आईची इच्छा म्हटल्यावर नाही कसं म्हणू? दर मॅचला वाटायचं, तुम्ही इथंच कुठंतरी बसून बघताय. मग पायच उचलायचे नाहीत."

तिनं फाटकाचा गज धरला.

"तुला कुणी साधं विचारलंसुद्धा नाही?"

"नाही."

"पुढच्या वर्षी अकरा घे."

"पुढच्या वर्षी मी नाही इथं. विकलं मला. सात आता दुसऱ्या कुणाला देतील."

तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. उपाशीपोटी प्रवास करू नकोस, एवढंच तिला सुचलं.

घरापर्यंत ती पाय आपटत आली. वर्षभर साठलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. नवरा स्वयंपाकघरात ताट घासत होता. तिनं एक चप्पल काढली आणि दुसरी काढायच्या आतच बोलायला लागली.

"ऐकलंत का? त्या पोराला सात नंबर नकोच होता. अकरा हवा होता त्याला. माझं नाव सांगून त्याच्या गळ्यात मारला. वर्षभर शिव्या खाल्ल्या लेकरानं. काय माणसं आहेत! अहो, ज्याच्या अंगावर चढवायचा, त्याला एका शब्दानं विचारावं की नाही?"

नवऱ्यानं नळ बंद केला. वळला मात्र नाही.

"मला तरी कुणी विचारलं होतं?"

आवाज चढलेला नव्हता. त्यानं ताट पालथं घातलं आणि वाटी घासायला घेतली. ती दारातच उभी राहिली, एका पायात चप्पल तशीच.