उशाखालचे पेढे

मित्रांनो, मी एक म्हातारं झुरळ आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. १९९८ साली कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या मोरीत माझा जन्म झाला. मोरीची जाळी तुटकी होती. ती मी तोडलेली नव्हती.

फवारणीवाले आले, की आम्ही भिंतीच्या फटीत शिरायचो. ते नाक धरून गेले, की पुन्हा बाहेर. "लई चिवट जात हाय ही!" असं वॉर्डातल्या सफाईवाल्या विठाबाई म्हणायच्या. आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच.

मग चंदगडचा केरबा वॉर्डात आला. मळणीयंत्रात पाय सापडून त्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं. त्याच्या आईनं, आक्काताईंनी, नृसिंहवाडीहून पेढ्यांचा प्रसाद आणला आणि कागदाच्या पुड्यातच लेकाच्या उशाखाली ठेवला. मला वासानं राहवेना. मोरीतून निघालो तो थेट खाटेवर. केरबाच्या पायाची पट्टी ओलांडली, की पेढे! माझ्या पायांना मोरीतले रोगजंतू चिकटलेले असतात, हे मला कुणी शिकवलं होतं? चार दिवस मी मजेत ये-जा केली.

पाचव्या दिवशी जखमेत पू झाला. "हे आटोक्यात आलं नाही, तर पाय काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. आक्काताईंनी उशाखालच्या पुड्याला हात लावून नमस्कार केला.

चादर बदलताना विठाबाईंनी उशी उचलली आणि मी पेढ्यावरच सापडलो. झटकन खाटेखाली पळालो, म्हणून वाचलो.

"आक्काताई, पुडा हलवा हितनं. मोरीतलं झुरळ जखमंवरनं येतंय."

"द्येवाचा परसाद हाय. पोराच्या उशालाच ऱ्हाणार!"

"झुरळानं उष्टा केलेला परसाद ठेवताय व्हय उशाला?"

जंतूंचं नाव काढून जे झालं नसतं, ते उष्ट्यानं झालं. आक्काताईंनी पुडा उचलून अंगणातल्या झाडाखाली पुरला. पुढचं सगळं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात गेलं. विठाबाईंनी भांडून मोरीला नवी जाळी बसवून घेतली; मी मात्र वॉर्डातच अडकलो. रोज पट्टी, इंजेक्शनं सुरू झाली. जखम भरली.

घरी निघताना केरबाला मी दिसलो. त्यानं त्याच पायातली चप्पल काढून माझ्यावर उगारली!

मी कपाटाखाली सटकलो. मित्रांनो, चपला आणा, फवारे आणा, मी कुणालाही जुमानत नाही. पण खाणं झाकाल आणि मोरीला धड जाळी बसवाल, तर मात्र मी उपाशी मरेन. बघा, जमतंय का!